डावीकडून तिसरी खिडकी

कुमुदआक्कांचं अक्षर चोपन्न वर्षांनी पकडलं गेलं. पकडलं ते एका मशीननं, आणि ते मशीन बनवणारी पोरगी सकाळी साडेदहाला सांगलीहून थेट त्यांच्या इचलकरंजीच्या घरी येऊन बसली.

"आक्का, हे बघा की," म्हणत अफरोज मोमीननं टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर 'लाइनमन भैरू' या जुन्या कॉमिकचं एक पान होतं. अंक एक्केचाळीस, पान नऊ. विजेच्या खांबावर चढलेला भैरू, खांद्यावर वायरचं वेटोळं, मागं काळंकुट्ट आभाळ. अफरोजनं बोट फिरवलं तशी आभाळातली शाई विरळ होत गेली आणि खालून पेन्सिलीतलं अक्षर वर आलं.

'कुमुद, इथं काळं. डबा खाल्लास का?'

त्याच्या खाली दुसऱ्या हातानं, बारीक आणि तिरकं, 'खाल्ला. भेंडी होती. तुमचा खांब वाकडा आलाय.'

आक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. अक्षर होतं तिथंच होतं.

"काय दाखवायलीय गं ती?" सोप्यातून आप्पांनी विचारलं. आप्पासो बिरनाळे, आक्कांचे यजमान, वय त्र्याऐंशी, सुपात शेंगा फोडत बसले होते.

"काही नाही. जुनी पानं आहेत," आक्का म्हणाल्या. आवाज जरा घाईत निघाला.

अफरोज हसली. एकतीस वर्षांची ही पोरगी आठवडाभर कागद तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि शनिवार-रविवार कॉमिक्स जगायची. सांगलीची चित्रकथा जत्रा तिनं आणि तिच्या चार दोस्तांनी सुरू केली होती. यंदा जत्रेचं अकरावं वर्ष. भैरू बंद पडला तेव्हा यांच्यातल्या एकाचाही जन्म झालेला नव्हता, पण भैरूचे बासष्टच्या बासष्ट अंक यांना तोंडपाठ. ते अंक आप्पांच्या प्रेसमध्ये छापले जायचे. मूळ पानांचे गठ्ठे तेव्हापासून आप्पांच्या माळ्यावर पडून होते. गेल्या वर्षी ते त्यांनी जत्रेला सांभाळायला दिले, आणि अफरोजनं एकेक पान मशीनखाली घातलं.

ते मशीन म्हणजे दाबवाचक. त्याचं तत्त्व साधं आहे. कागद विसरत नाही. पेन्सिल कागदावरून जाते तेव्हा शिसं वर राहतं, पण दाब आत जातो. कागदाचे तंतू दबतात आणि दबलेले राहतात. वरून शाई ओता, रंग ओता, त्यांना फरक पडत नाही. दाबवाचक पानाच्या मागच्या बाजूनं केसाहून बारीक किरण फिरवतो आणि कुठं किती दबलंय ते मोजतो. शाईखाली काय लिहिलंय ते असं कळतं.

पण खरी गंमत पुढं आहे. माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण रेघेत उतरतं. ही थरथर प्रत्येकाची वेगळी असते. त्यामुळं एखादी रेघ कुणाच्या हाताची हे मशीनला कळतं. तो हात कुठं जोरात गेला, कुठं थबकला, कुठं घाबरला, तेही कळतं.

"पानांवर दोन हात निघाले," अफरोज सांगत होती. "एक भैरू काढणाऱ्या तारळेकर सरांचा, तो आम्हाला माहीत आहे. दुसरा कुणा कुमुदचा, पण ही कुमुद कोण, ते सहा महिने कळेना. परवा गठ्ठ्यात एक रजेचा अर्ज सापडला. ताप आल्यामुळे दोन दिवस येऊ शकत नाही, कुमुद चौगुले. मशीननं जुळवलं. चौगुले म्हणजे कोण, ते आप्पांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, ती माझ्या घरातच आहे."

"ताप नव्हता मला," आक्का म्हणाल्या. "मामेबहिणीचं लग्न होतं."

"आक्का, एकाही अंकावर तुमचं नाव नाही."

"काळं भरणाऱ्याचं नाव कोण घालतंय?"

"आम्ही घालणार आहोत. रविवारी तुमचा सत्कार आहे. आणि शेवटचं पान." अफरोज पुढं सरकली. "बासष्टाव्या अंकाचं, पूर्ण काळं. त्याच्याखाली चौदा ओळी आहेत, सगळ्या सरांच्या हातच्या. तुमचं उत्तर नाही त्यावर."

आक्कांचा हात टॅबलेटवरच थांबला. "त्या पानाखाली काही नव्हतं," त्या म्हणाल्या.

"चौदा ओळी आहेत. अजून वाचल्या नाहीत आम्ही. रविवारी स्टेजवर, सहाशे लोकांसमोर, मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा उघडणार आहोत."

सोप्यात आप्पांनी एक शेंग फोडली.

आता थोडं मागं जाऊ. तेव्हा त्या आक्का नव्हत्या. कुमुद चौगुले होत्या, पंचविशीच्या. त्या पोरीला आपण 'ती' म्हणू.

भैरूचं ऑफिस म्हणजे सांगलीत एका सायकल दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. जयवंत तारळेकर तिथं चित्रं काढायचे, आणि कुमुद काळं भरायची. कॉमिक्समध्ये हे काम असतंच. पेन्सिलवाला माणूस चित्र काढतो, आणि जिथं ठार काळं हवं तिथं एक बारीक फुली मारून ठेवतो. भरणारा ब्रश घेऊन बसतो आणि फुलीवाल्या जागा भरत जातो. भैरूत रात्र फार, कारण लाइट गेल्याशिवाय भैरू खांबावर चढणार कशाला. त्यामुळं कुमुदला काम फार.

दोघांची टेबलं समोरासमोर होती, पण मध्ये मालक बसायचा. मालकाला बोलणं खपत नसे. मग कधीतरी तारळेकरांनी फुलीच्या शेजारी दोन शब्द लिहिले. कुमुदनं उत्तर लिहिलं, पान त्यांना दाखवलं, आणि वरून शाई फिरवली. पुढं तीच पद्धत पडली. डबा, पावसाळी चप्पल, मालकाचा नवा विग, भैरूचं लग्न लावायचं की नाही, सगळं काळ्याखाली. पाच वर्षं दोन माणसं अशी बोलत राहिली आणि महिन्याला बारा हजार वाचकांच्या हातात ते बोलणं जात राहिलं. कुणाला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनाही नव्हता, आपण बोलतोय ते नेमकं काय आहे याचा.

मग एका सोमवारी जिन्यावर असताना तिच्या कानावर आलं. आत मालक विचारत होता, काळं भरायला वेगळं माणूस कशाला लागतं. आणि तारळेकर म्हणाले, "बरोबर आहे. ते काय, कोणीही भरेल."

कुमुद जिन्यावरच दोन मिनिटं उभी राहिली. मग आत गेली, टेबलाशी बसली.

दुसऱ्या दिवशी शेवटचं पान तिच्या टेबलावर आलं. अंकाची गोष्ट अशी होती की अख्ख्या गावाची लाइट गेलीय, भैरू मुख्य खांबावर चढलाय, त्याचा हात खटक्यापाशी आहे. पुढचं पान म्हणजे अंधारातलं गाव. पूर्ण पानाला कोपऱ्यात एकच मोठी फुली.

एरवी ती पान उजेडाकडं तिरपं धरायची. तारळेकर कडक पेन्सिलीनं फिकं लिहायचे, सरळ बघितलं तर दिसायचं नाही. त्या दिवशी तिनं पान तिरपं धरलं नाही. कोणीही भरेल, असं म्हणालात ना, मग घ्या कोणीही भरल्यासारखं. सगळ्यात रुंद ब्रश घेतला, शाईत बुडवला, आणि खिडकीबाहेर बघत पान भरून टाकलं. वर दुसरा हातही दिला.

भैरूच्या प्रत्येक अंकाचा शेवट ठरलेला होता. भैरू खटका ओढतो, 'खट्ट' असं मोठ्या अक्षरात येतं, आणि गावात उजेड. बासष्टाव्या अंकात खट्ट आलंच नाही. तारळेकर त्या दिवसापासून ऑफिसात आलेच नाहीत, इंदूरला निघून गेले, निरोपसुद्धा न घेता. भैरू बंद पडला. कुमुदला वाटलं, बरोबर, काळं भरणाऱ्या बाईचा निरोप कोण घेतंय. दोन महिन्यांनी बिरनाळ्यांकडून मागणी आली, आणि तिनं हो म्हटलं. नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली, दोन पोरी वाढवल्या. तारळेकर गेल्याचं कळलं ते फोनवरच्या एका फोटोनं, खाली भावपूर्ण वगैरे. त्या दिवशी आपण सातवीच्या पोरांना काळा रंग कसा सपाट भरायचा ते शिकवलं होतं, असं आक्कांना उगाचच आठवत राहायचं. खरं तर तेव्हा त्या निवृत्त होऊन कधीच घरी बसल्या होत्या.

जत्रा एका मंगल कार्यालयात भरायची. रविवारी आक्का-आप्पा तिथं पोचले. दारावर लग्नाच्याच कमानी, आत झालरीच्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर हेल्मेट घालून, खांद्यावर वायर अडकवून बसलेले पन्नाससाठ भैरू. त्यात बँकेचे मॅनेजर होते, नर्स होत्या, जुळ्या मुलींना घेऊन आलेला एक बाप होता. टेबलांवर हातानं काढलेली, घरी छापलेली नवी कॉमिक्स विकायला. भिंतीवर जुन्या चित्रकारांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली त्याच्या आवडीचा ब्रश किंवा निब. तारळेकरांच्या फोटोशेजारी एक रिकामी चौकट होती. खाली नाव लिहिलं होतं, कुमुद बिरनाळे.

"फोटो नाही दिलास व्हय?" आप्पांनी विचारलं.

"मागितलाय कुणी."

सकाळी दरवर्षीचा परिसंवाद होता. विषय अकरा वर्षं एकच, शेवटचं पान काळं का. हेल्मेटातले बँक मॅनेजर म्हणाले, भैरूला शॉक बसला, तो गेला, ते काळं पान म्हणजे त्याची मिटलेली नजर. कॉलेजच्या एक मॅडम म्हणाल्या, ते बंद पडलेल्या गिरण्यांचं दुःख आहे, ते कोणत्या चित्रात मावणार. मागून एक पोरगं म्हणालं, काही नाही, प्रेसमध्ये शाई सांडली असणार.

पहिल्या रांगेतून आप्पा काठी टेकत उठले. "माझ्या प्रेसात एकदाबी शाई सांडली न्हाई," ते म्हणाले, आणि बसले. हॉल टाळ्यांनी दणाणला.

आक्का खाली मान घालून बसल्या होत्या. एवढी माणसं, एवढा अभ्यास, आणि कारण काय, तर एक पोरगी रुसली होती. त्यांना हसू येत होतं. परिसंवाद संपता संपता त्या उठल्या आणि अफरोजला दंडाला धरून बाजूला नेलं.

"ते पडद्यावर उघडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आक्का, लोक नागपूरहून आलेत ओ. अर्ध्या तासात कार्यक्रम आहे."

"पत्र कुणाला आहे?"

अफरोजनं पडद्याकडं बघितलं.

"सांग की. मालकाला आहे? वाचकांना आहे?"

"तुम्हाला."

"मग झालं."

"मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल," अफरोज म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमचं नाव सगळ्यांसमोर यावं म्हणून मी... बरं. हे ऐका. एक हातमोजा आहे."

वधूपक्षाच्या खोलीत मशीन मांडलं होतं. आरशाला अजून कुठल्या तरी नवरीच्या टिकल्या चिकटलेल्या. अफरोजनं एक राखाडी हातमोजा काढला. त्याच्या आत धागे होते, वीज दिली की आखडणारे, स्नायूंसारखे. दाबवाचकानं टिपलेली हाताची चाल त्या धाग्यांत सोडली, की मोज्यातला हात तसाच चालतो. अफरोजनं तो केला होता पोरांना जुन्या चित्रकारांच्या रेघा शिकवायला.

"पडदा बंद ठेवते. अक्षर कुठंच दिसणार नाही, मलासुद्धा. तुमचा हात लिहील, तुम्ही ओळखायचं. जमेल?"

"चालू कर आणि बाहेर थांब."

मोजा घट्ट होता. आक्कांनी कोपर टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटले. बाहेर माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

मग हात उचलला गेला. त्यांनी उचलला नव्हता.

आधी फुली आली. दोन फटके, दुसरा पहिल्याहून जरा लांब. तो लांब फटका त्यांनी हजारो वेळा शाईखाली घातला होता, पण तो हातातून कसा निघतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मनगट किंचित आत वळतं आणि शेवटाला सुटतं. पाच वर्षं समोर बसून या माणसाचा हात त्यांनी एकदाही हातात घेतला नव्हता. आता तो त्यांच्या बोटांच्या आत होता, वयाच्या चौतिशीतला, गरम वाटावा असा, आणि थरथरत होता. मशीन म्हणतं ती न दिसणारी थरथर नव्हे ही. हा हात घाबरलेला होता.

क. त्याखाली उकार. म. परत उकार. द. शब्द झाला की तो एका झटक्यात शिरोरेघ ओढायचा. ती ओढली गेली.

कुमुद.

त्या पुढं ओळखत गेल्या. काही शब्द सुटले, तेव्हा थांबवून परत चालवले. असं करत करत चौदा ओळी जमल्या.

'कुमुद, काल जिन्यात तुझी चप्पल वाजली. तू ऐकलंस. मालक तुला काढणार होता, मी वाद घातला असता तर आजच काढलं असतं, म्हणून होला हो केलं. चुकलो. माझं नाव पहिल्या पानावर येतं आणि तुझं येत नाही हेही चुकलं, पाच वर्षं चुकलं. इंदूरला काम मिळालंय. दोन टेबलं आहेत, मी विचारून घेतलंय. मध्ये कुणी बसत नाही. येतेस का? तोंडानं विचारायला जीभ वळत नाही. गिरणीच्या चाळीत वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसरी खिडकी आखली आहे. यायचं असेल तर ती पांढरी सोड. पान प्रेसला गेलं की बिरनाळ्यांना फोन करून विचारेन. काळी असली तर समजेन, आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही.'

शेवटच्या शब्दानंतर हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. काहीतरी अजून लिहायचं होतं, मग राहू दे म्हटलं असावं.

"अफरोज," आक्कांनी हाक मारली. "परत."

तीनदा त्यांनी ते पत्र लिहिलं. तिसऱ्या वेळी त्या काही ओळखत बसल्या नाहीत. नुसता हात जाऊ दिला.

दार वाजलं. आप्पा आत आले, नवरीच्या सोफ्यावर हळूच टेकले. "लोक ताटकळल्यात. मसालेभात निवायला लागलाय," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष मोज्याकडं गेलं, आणि बायकोच्या तोंडाकडं. "काय झालं गं?"

आक्कांनी मोजा काढला. चोपन्न वर्षांत त्या या माणसाशी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या, फक्त एक गोष्ट सांगितली नव्हती.

"अहो, बासष्टावा अंक छापताना तारळेकरांचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आलता की," आप्पा लगेच म्हणाले. "इसरंन कसा. इंदुरास्नं एसटीडी. पैल्यांदा वाटलं कोण मेलं का काय. तर म्हणतोय, बिरनाळे, वरच्या मजल्यावर एक खिडकी पांढरी सुटलीय का बघा. मी भिंग घेतलं, सगळं पान बघितलं. म्हटलं, न्हाई ओ, झ्याक काळं हाय, एक टिपका सुटला न्हाई. त्यो म्हणाला, नीट बघा. परत बघितलं. न्हाई, म्हटलं. मग म्हणाला, बरं. आणि ठिवला फोन." ते हसले. "खिडकीसाठी कोण एसटीडी करतंय? पण त्याच्यामुळं तर तू घावलीस."

"म्हणजे?"

"दोनदा भिंगातनं बघितलं न्हवं का. असं काळं मी जल्मात बघितलं न्हवतं. कुठं ब्रशाचा फराटा न्हाई, कुठं वर-खाली न्हाई. म्हटलं ह्यो हात कुणाचा. त्यांच्या हापिसात जाऊन विचारलं, कोण भरतंय म्हणून. मालक म्हणाला, चौगुल्यांची पोरगी."

आक्का त्यांच्याकडं बघतच राहिल्या. कोणीही भरेल तसं भरायचं ठरवलं होतं त्यांनी. हाताला वाईट भरता येत नव्हतं, एवढंच.

मग त्यांनी सांगितलं. पत्रात काय होतं ते, कमी-जास्त न करता. खिशातल्या शेंगदाण्यांशी आप्पांची बोटं चाळा करत होती, ती थांबली.

"म्हणजे नकार मी पोचिवला," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत त्यात."

"गेली असतीस?"

बाहेर माइकवर आक्कांच्या नावाचा पुकारा झाला. त्या थोडा वेळ आरशावरच्या टिकल्यांकडं बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

आप्पांनी मान हलवली. एकदा, दोनदा. दोन्ही हात काठीवर ठेवून ते जमिनीकडं बघत होते. मग उठले आणि बाहेर गेले. काठीचा आवाज लांब जाताना आक्का ऐकत होत्या.

अफरोज दारात उभी होती. "आक्का, मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. सगळं ऐकलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"पत्र मशीनमध्ये राहतं का?"

"राहतं. पाहिजे तितक्या वेळा मोज्यात लावता येईल. घरी देते तुम्हाला मोजा. रोज..."

रोज. आक्कांनी उजव्या हाताकडं बघितलं. मनगट अजून आत वळल्यासारखं वाटत होतं. रोज सकाळी चहाच्या आधी हा मोजा घालायचा, सोप्यात ते शेंगा फोडत बसलेले असताना. किती मनात आलं म्हणून सांगू.

"पूस," शेवटी आक्का म्हणाल्या. "फुली तेवढी ठेव. पोरांना शिकव, फुली कशी मारायची ते."

अफरोजनं चौदा ओळी पुसल्या, फुली आणि चित्राच्या रेघा ठेवल्या. तिचा हात जड झाला होता, पण पुसलं.

काठीचा आवाज परत आला. आप्पांच्या हातात पोरांच्या चित्रकला टेबलावरचा पांढरा पोस्टर कलर होता, आणि एक ब्रश.

"पोरास्नी झिरो नंबरचा ब्रश ठिवलाच न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "ह्योच बारीक होता. चालंल का बघ."

अफरोज पुढं झाली. "आप्पा, ते मूळ पान आहे. जगात एकच आहे. त्याला आम्ही हातमोज्याशिवाय शिवत पण नाही."

"पान माझं हाय बाळ. तुमास्नी सांभाळाय दिलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझं मशीन सांगंल न्हवं का, खिडकी कुठं हाय ती?"

स्टेजवर लग्नाचीच लाल सतरंजी होती. टेबलावर पान ठेवलं, वर कॅमेरा, मागं मोठा पडदा. पडद्यावर नुसता काळोख. आक्कांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि माइक पुढं केला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हे पान मी भरलंय. भरताना एक जागा सोडायची होती, ती चुकून भरली गेली. भैरूला काही झालेलं नाही."

बँक मॅनेजरांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

अफरोजनं पानावर उजेडाचा एक ठिपका सोडला, वरचा मजला, डावीकडून तिसरी. आक्कांनी ब्रशाचं टोक ओठांत धरून टोकदार केलं, जुन्या सवयीनं. हा त्यांचाच हात होता, एकोणऐंशी वर्षांचा, आणि आता त्याला कुणी धरलेलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला आणि टेकवला.

तांदळाच्या दाण्याएवढी खिडकी. पांढरा पहिल्यांदा राखाडी दिसला, खालचं काळं वर आलं. त्यांनी वाळू दिला आणि दुसरा हात दिला. मग मोठ्या पडद्यावर, त्या अख्ख्या काळ्या गावात, एका घरी लाइट आली.

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी, अगदी हळू, म्हणालं, "खट्ट."

मग दुसरं कुणीतरी. मग सगळीकडून. ओरडून नाही, झोपलेल्या घरात खटका दाबतात तसं.

आप्पा स्टेजवर चढले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्रेसमधलं जुनं भिंग काढलं, काठी टेबलाला टेकवली, आणि पानावर वाकले. डावीकडून सुरू केलं, न दिसणाऱ्या खिडक्या बोटानं अंदाजे मोजत. एक, दोन, तीन. तिथं थांबले. परत एकदा बघितलं, नीट.

"सुटलीय ओ," ते म्हणाले. आवाज जरा मोठा होता, लांबच्या फोनवर बोलतात तसा. "पांढरी हाय."